कोलोनच्या प्रदर्शनातील आमचा गाळा

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात माजी विद्यार्थिनीने केलेले भाषण)



याच संस्थेच्या शाळेत मी पाचवीपासून दहावीपर्यंत शिकले. त्यामुळे प्रमुख पाहुणी म्हणून या व्यासपीठावर बसताना संकोच वाटतो. कार्यवाहांनी पत्रात लिहिले होते की, परदेशातील प्रदर्शनाचा अनुभव पालकांना समजेल अशा शब्दांत सांगा. त्यांच्या सूचनेप्रमाणे मी प्रवासवर्णन थोडक्यात आटोपणार आहे आणि हा व्यवसाय काय आहे, त्यात आपल्या मुलामुलींना जागा आहे काय, याविषयी अधिक बोलणार आहे.

संगणकावर खेळायचे खेळ तयार करणे हा माझा व्यवसाय आहे. मोठ्या कंपनीत नोकरी न करता, स्वतःच्या कल्पनेने आणि स्वतःच्या जोखमीवर जे खेळ तयार करतात त्यांना तिकडे ‘इंडी’ म्हणतात. स्वतंत्र या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे ते लघुरूप आहे. आम्ही तिघे आहोत. प्रोग्रामिंग मी करते, माझी मैत्रीण चित्रे काढते, आणि धाकटा भाऊ आवाज, हिशेब व पत्रव्यवहार सांभाळतो. आमचा खेळ कोकणातल्या खाडीचा आहे. खेळणारा तांडेल होतो आणि भरती-ओहोटी सांभाळून आपला मचवा बंदरापर्यंत नेतो. त्यात मारामारी नाही, पैशाची पैज नाही. पाणी केव्हा चढते, केव्हा उतरते आणि वाळू कोठे उघडी पडते हे ओळखून वाट काढायची, एवढाच तो खेळ.

हा खेळ घेऊन आम्ही ऑगस्ट २०२५ मध्ये जर्मनीतील कोलोन शहरी ‘गेम्सकॉम’ नावाच्या प्रदर्शनास गेलो. ऱ्हाईन नदीच्या एका काठावर तेथील प्रसिद्ध कॅथीड्रल आहे. १२४८ मध्ये सुरू झालेले त्याचे बांधकाम १८८० मध्ये पुरे झाले. समोरच्या काठावर, डॉइट्झ भागात, प्रदर्शनाची विस्तीर्ण दालने आहेत. २००२ ते २००८ पर्यंत जर्मनीतील असे प्रदर्शन लाइपझिग येथे भरत असे. गेम्सकॉम २००९ पासून कोलोनला भरते. २०२५ मध्ये २० ते २४ ऑगस्ट या पाच दिवसांत साडेतीन लाखांहून अधिक लोक ते पाहून गेले. प्रदर्शकांचीच संख्या पंधराशेवर होती. पहिला दिवस व्यापारी आणि पत्रकारांसाठी राखीव असतो, पुढे सर्वसामान्य लोकांना प्रवेश मिळतो. मोठ्या कंपन्यांची दालने सिनेमागृहाएवढी असतात आणि त्यांच्यापुढे लोक तासन्‌तास रांगेत उभे राहतात.

मग आमच्यासारख्या तिघांना तेथे कोण विचारणार? याचे उत्तर त्या छोट्या मंडळींनीच शोधून काढले आहे. २०१३ पासून तेथे ‘इंडी अरीना बूथ’ नावाचे सामाईक दालन असते. एकट्याला मोठी जागा परवडत नाही, म्हणून अनेक लहान निर्माते एका छताखाली येतात. महिनोन्‌महिने आधी अर्ज करावा लागतो, खेळाचा नमुना पाठवावा लागतो, आणि निवड झाल्यावर शुल्क भरून जागा मिळते. जागा म्हणजे एक टेबल, एक पडदा आणि दोन माणसे उभी राहतील एवढी मोकळीक. पण बाजूच्या टेबलावर ब्राझीलचा मुलगा, पलीकडे पोलंडच्या दोन मुली, आणि सर्वांची अडचण सारखीच. चार्जर विसरला तर शेजारी देतो, जेवायला जायचे असेल तर शेजारी आपला गाळा सांभाळतो. आपल्याकडच्या आठवड्याच्या बाजारात जो शेजारधर्म असतो तोच मला तेथे दिसला.

आता तयारीविषयी. विद्यार्थ्यांनी हे नीट ऐकावे, कारण अडते ते येथेच. जर्मनीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. प्रौढांसाठी त्याचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेचे उतारे, राहण्याची सोय, परतीचा प्रवास आणि प्रदर्शकाचे पत्र अशी सर्व कागदपत्रे जोडावी लागतात. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. पंधरा दिवस ही शेवटची मर्यादा असली तरी तिच्यावर विसंबू नये. पासपोर्टावरचे नाव, शाळेच्या दाखल्यावरचे नाव आणि बँकेतले नाव यांत एका अक्षराचाही फरक नसावा. आपल्या समाजात एकच नाव तीन कागदांवर तीन प्रकारे लिहिलेले आढळते. शेख कोठे आधी येतो, कोठे शेवटी येतो, कोठे गळतो. पालकहो, मुलाला परदेशी पाठवायचे असो वा नसो, दहावीपूर्वी हे एकदा तपासून घ्या.

प्रदर्शनाच्या दिवसांत कोलोनमधील हॉटेलांचे दर फार चढतात, म्हणून आम्ही बॉन शहरी राहिलो आणि रोज आगगाडीने ये-जा केली. हलाल जेवणाची चिंता घरच्यांना होती, ती अनाठायी ठरली. १९६१ च्या करारानंतर तुर्कस्तानातून हजारो कामगार जर्मनीत आले. त्यांची तिसरी-चौथी पिढी आता तेथे नांदते आहे आणि कोलोनमध्ये त्यांची दुकाने व खाणावळी जागोजागी आहेत.

आता गाळ्यावरचे काम. दालन उघडले की माणसे येतात, हेडफोन लावतात आणि खेळू लागतात. आपण मागे उभे राहायचे आणि तोंड मिटून पाहायचे. हे मौन फार कठीण असते. खेळणारा अडला की सांगावेसे वाटते, ‘अहो, डावीकडे वळा.’ परंतु सांगायचे नाही, कारण उद्या हा खेळ कोणी आपल्या घरी बसून खेळेल तेव्हा त्याच्या पाठीशी आपण उभे नसणार. तो कोठे थांबला, कोठे हसला आणि कितव्या मिनिटाला हेडफोन काढून उठला, हे वहीत टिपून ठेवायचे. परीक्षेत निदान आपले हस्ताक्षर पाहून मास्तर ओळखतात. येथे परीक्षक संपूर्ण अनोळखी असतो, आणि गुण न देता निघून जातो.

एक उदाहरण देते. आमच्या खेळात ओहोटी लागली की मचवा वाळूवर बसतो. खाडीकाठच्या पोराला हे सांगावे लागत नाही. तो निवांत बसून राहील, कारण सहा तासांनी पाणी परत येणारच. कोलोन समुद्रापासून दूर, नदीकाठचे शहर. तेथील बरीच मुले मचवा वाळूवर बसलेला पाहून समजत की खेळ संपला, आणि उठू लागत. पहिल्याच रात्री आम्ही तिघांनी बॉनच्या खोलीत बसून एक तोडगा काढला. मचवा वाळूवर टेकला की आकाशातला चंद्र हळूहळू सरकू लागेल आणि दूरवर पाण्याची चंदेरी रेघ दिसेल. एक अक्षरही लिहिले नाही. दुसऱ्या दिवसापासून मुले हात आवरून वाट पाहू लागली. एक वयस्क जर्मन गृहस्थ खेळ संपल्यावर मला विचारू लागले की, अमावास्येला आणि पौर्णिमेला पाणी जास्त का चढते. मी त्यांना उधाण आणि भांग समजावून सांगितले. माझ्या आजोबांनी मला जे होडीत बसवून शिकविले होते ते मी त्यांना मोडक्या इंग्रजीत सांगत होते, आणि ते लक्षपूर्वक ऐकत होते.

विद्यार्थी मित्रांनो, यातून एक गोष्ट ध्यानात घ्या. तेथे तलवारी आणि बंदुकांचे खेळ हजारो आहेत आणि ते करणाऱ्यांपाशी आपल्यापेक्षा शेकडो पट पैसा आहे. त्यांची नक्कल करून आपण कोठेच पोहोचणार नाही. आपल्या अंगणात जे आहे ते त्यांच्यापाशी नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने ‘राजी’ नावाचा खेळ केला. भारतीय पुराणकथा, राजस्थानी वास्तुकला आणि चित्रशैली यांवर तो उभा आहे. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. तरी ते नेटाने काम करीत राहिले, २०२० मध्ये खेळ बाहेर आला, आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्‌स’ या जागतिक पारितोषिकांत उत्कृष्ट पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळाले. पुणे काही लंडन-न्यूयॉर्क नव्हे, आपल्या एस.टी.च्या टप्प्यातले गाव आहे.

प्रदर्शनाचा दुसरा भाग व्यापाराचा. वेगळ्या दालनांत प्रकाशकांशी आधी वेळ ठरवून भेटी होतात. भेट साधारण अर्ध्या तासाची. तेवढ्यात खेळ दाखवायचा, किती काम झाले, किती उरले, किती पैसा लागेल, ते सांगायचे. येथे इंग्रजी लागते, पण अलंकारिक लागत नाही. स्वच्छ, छोटी वाक्ये आणि खरे आकडे पुरेत. वृत्तपत्रांसाठी खेळाची माहिती व चित्रे एका ठिकाणी मांडून ठेवावी लागतात. रामी इस्माईल या डच-इजिप्शियन निर्मात्याने यासाठी ‘प्रेसकिट’ नावाचे साधन तयार करून सर्वांना विनामूल्य दिले. त्याचा लाभ जगभरच्या लहान निर्मात्यांनी घेतला आहे.

कराराच्या बाबतीत मात्र सावध राहावे. ‘टेट्रिस’ हा खेळ आपल्यापैकी अनेकांनी खेळला असेल. अलेक्सी पाझित्नोव्ह यांनी तो १९८४ मध्ये मॉस्को येथे सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात तयार केला. जानेवारी १९८८ मध्ये अमेरिकेतील लास व्हेगासच्या प्रदर्शनात हेन्क रॉजर्स या प्रकाशकाने तो पाहिला आणि पुनःपुन्हा रांगेत उभे राहून तो खेळला. पुढे रॉजर्स यांच्या खटपटीने तो निन्टेन्डोच्या गेम बॉय यंत्राबरोबर १९८९ पासून देशोदेशी पोहोचला. खेळाचे हक्क सोव्हिएत सरकारकडे होते. पाझित्नोव्ह यांना आपल्या खेळाचे मानधन मिळू लागले ते १९९६ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी. एका प्रदर्शनातील एका रांगेने खेळाचे नशीब उजळले, पण हक्क ज्याच्या नावावर त्यालाच फळ मिळते. म्हणून प्रकाशकाचे करारपत्र हाती आले की तीन गोष्टी पाहाव्यात. खेळाची मालकी कोणाकडे राहते? दिलेली उचल आधी कशातून वळती होते? आणि प्रकाशकाने काम थांबविले तर हक्क परत मिळतात काय? आम्हांला दोन प्रकाशकांनी पुढील बोलणीसाठी बोलावले. अद्याप सही केलेली नाही. एक करार सध्या मुंबईच्या वकिलांकडे आहे.

आता पालकांच्या मनातील प्रश्नांकडे वळते.

पहिला प्रश्न, हा जुगार तर नव्हे ना? हा प्रश्न रास्त आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी आपल्याकडे कित्येक घरे कर्जात बुडविली. आम्ही कोलोनला असतानाच, २० आणि २१ ऑगस्ट २०२५ रोजी, आपल्या संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ऑनलाइन गेमिंगविषयीचे विधेयक मंजूर केले आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची त्यास संमती मिळाली. पैसे लावण्याच्या ऑनलाइन खेळांवर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यांच्या पैशांच्या व्यवहारांवर या कायद्याने बंदी घातली. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्‌स आणि शिक्षण-मनोरंजनाचे खेळ वेगळे काढले व त्यांना उत्तेजन देण्याचे ठरविले. गाळ्यावर येणारे व्यापारी मला विचारीत, तुमच्या देशात गेमवर बंदी आली काय? मी त्यांना सांगे, बंदी जुगारावर आली आहे. हाच फरक घरीही करावा. ज्या खेळात पैसे लावून पैसे मिळविण्याचे आमिष आहे तो मुलाच्या मोबाइलमधून काढून टाकावा, तेथे दयामाया नको.

दुसरा प्रश्न वेळेचा आणि व्यसनाचा. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या अतिरेकाला विकार म्हणून आपल्या रोगसूचीत स्थान दिले आहे. ही सूची २०२२ पासून लागू झाली. खेळावर ताबा न राहणे, इतर सर्व कामांपेक्षा खेळाला महत्त्व देणे, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही त्याची लक्षणे, आणि ती साधारणतः वर्षभर टिकलेली असावी लागतात. म्हणजे रविवारी दोन तास खेळणारा मुलगा रोगी ठरत नाही, पण रात्रभर जागून शाळा बुडविणाऱ्याकडे दुर्लक्षही करू नये. जर्मनीत प्रत्येक खेळाला वयाची श्रेणी असते: ०, ६, १२, १६ आणि १८. प्रदर्शनातही मुलांच्या मनगटावर वयाप्रमाणे वेगळ्या रंगाची पट्टी बांधतात आणि मोठ्यांचे हिंसक खेळ बंदिस्त दालनात, पट्टी पाहूनच दाखवितात. व्यवसाय वाढवायचा आणि मुलांनाही जपायचे, ही दोन्ही कामे एकाच वेळी करता येतात हे मी तेथे पाहिले.

तिसरा प्रश्न पोटापाण्याचा, आणि येथे मी गोड बोलणार नाही. ‘स्टीम’ हे संगणकावरील खेळांचे मोठे दुकान आहे. कोणीही १०० डॉलर भरून तेथे आपला खेळ विक्रीस ठेवू शकतो. हजार डॉलरची विक्री झाली की ते शंभर परत मिळतात, पण विक्रीतला साधारण ३० टक्के वाटा दुकान ठेवते. तेथे वर्षाला दहा हजारांहून अधिक नवे खेळ येतात. बहुतेक खेळ बुडतात. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने खपून २०१६ मध्ये ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतकऱ्याचा खेळ काढला आणि त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. अशी उदाहरणे वर्तमानपत्रांत येतात, बुडालेल्यांची येत नाहीत. आम्ही तिघे आजही वर्षातले सहा महिने दुसऱ्यांची कामे घेतो आणि उरलेल्या सहा महिन्यांत आपला खेळ करतो. म्हणून माझा सल्ला असा की, पदवी पुरी करावी, प्रोग्रामिंग किंवा चित्रकला यांपैकी एक विद्या पोट भरण्याइतकी पक्की करावी, आणि खेळ तिच्या आधाराने करावा. कर्ज काढून, आईचे दागिने गहाण ठेवून परदेशी प्रदर्शनास जाऊ नये.

प्रदर्शन म्हणजे सर्वस्व नव्हे हेही सांगते. लॉस एंजेलिसचे ‘ई-थ्री’ १९९५ पासून या व्यवसायाचा सर्वांत मोठा मेळा मानला जाई. २०१९ नंतर तो प्रत्यक्ष भरलाच नाही आणि डिसेंबर २०२३ मध्ये कायमचा बंद झाला. स्टीमवर घरबसल्या नमुना दाखविता येईल असे उत्सव होतात, त्यांना विमानाचे तिकीट लागत नाही. आपल्या देशातही गेम निर्मात्यांची परिषद अनेक वर्षे हैदराबादेत भरत आली. प्रथम आपला खेळ वर्गमित्रांना दाखवावा, मग शहरात, मग देशात. परदेश ही चौथी पायरी आहे.

साधनांची सबब मात्र आता उरलेली नाही. ‘गोदो’ हे खेळ तयार करण्याचे साधन २०१४ पासून सर्वांना मोफत खुले आहे. ‘ब्लेंडर’ हे चित्रे हलती करण्याचे साधन २००२ पासून खुले आहे. लाटव्हियातील ‘फ्लो’ हा चित्रपट याच ब्लेंडरवर तयार झाला आणि २०२५ मध्ये त्याला ऑस्कर पारितोषिक मिळाले. ही साधने आपल्या शाळेच्या संगणकावर आजच घेता येतात. म्हणून संस्थेला माझी नम्र विनंती आहे की, शाळा सुटल्यावर संगणक-खोली दोन तास उघडी ठेवावी, मुलींसाठी वेगळी वेळ लागली तर तीही ठेवावी, आणि चित्रकलेचा तास हा मोकळा तास समजू नये. दर महिन्याला एक शनिवार मी स्वतः येऊन शिकवीन.

आमच्या आजोबांची पिढी बोटीवर खलाशी म्हणून गेली. वडिलांची पिढी आखातात गेली. त्यांनी घाम गाळून घरे उभी केली, आणि ही शाळाही मोठ्या प्रमाणात त्यांच्याच पैशावर उभी आहे. त्यांनी परदेशी नेली ती आपली मेहनत, आणि तिचा भाव ठरवीत असे दुसरा कोणी. कोलोनच्या त्या टेबलावर जी वस्तू मांडली होती ती आमची होती आणि तिची किंमत सांगण्याचा अधिकारही आमचा होता. ती घेणे न घेणे लोकांच्या हाती. पण विकायला बसण्याची ही जागा आपल्या मुलामुलींना मिळावी, एवढ्यासाठी मी हे सर्व सांगितले.

पालकहो, आज घरी गेल्यावर मूल मोबाइल घेऊन बसलेले दिसले तर ‘काय खेळतोस?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘तू स्वतः काय तयार केलेस ते दाखव,’ असेही विचारा. दाखवायला काही नसेल तर पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा.